८९६ वजा करा : कन्नड कागद देवनागरीत वाचायचा छोटा प्रोग्राम

पावसाळी_पीसी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जांबोटीकडचा, बेळगावात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय. आजवर इथं नुसतं वाचत होतो, हा पहिलाच धागा.

आमच्या घरात कन्नड कुणालाच परकं नाही. आजोबा खानापूरच्या बाजारात बैलापासून बियाण्यापर्यंत सगळी घासाघीस कन्नडमधून करतात. आई माहेरची चंदगडकडची, तीसुद्धा बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कन्नडमधून भांडते आणि जिंकते. पण कागद समोर आला की दोघंही गप्प. पहाणी (आमच्याकडचा सातबारा) असो, लाईटबिल असो, पंचायतीच्या ग्रुपवरची नोटीस असो, "जरा वाच बघू" म्हणून माझ्याकडं येतं. भाषा येते, लिपी येत नाही. मी शाळेत कन्नड शिकलोय, तरी एका अक्षराच्या पोटाखाली दुसरं लोंबायला लागलं की माझाही वेग बसतो.

म्हणून ठरवलं, भाषांतर नको, फक्त अक्षरं बदलायची. कन्नड मजकूर टाकला की तोच मजकूर देवनागरीत बाहेर. पुढचं आजोबांचं आजोबा बघून घेतील. 'हेसरु' असं वाचून दाखवलं की नाव विचारलंय हे त्यांना कुणी सांगायला लागत नाही.

अक्षरांच्या जोड्या लिहायला म्हणून युनिकोडचा (कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर असतो, त्याचा) तक्ता उघडला, आणि जोड्या लिहायची गरजच नाही असं दिसलं. देवनागरी क चा नंबर २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. ळ बघितला: २३५५ आणि ३२५१. परत ८९६! काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, आकडे, सगळ्यांना तोच फरक. कन्नडचा कप्पा ३२०० ते ३३२७, आपला २३०४ ते २४३१, आणि आत सगळे आपापल्या जागी त्याच क्रमानं बसलेत.

मग प्रोग्राम काय उरला? पायथनमध्ये 'ऑर्ड'नं अक्षराचा नंबर काढायचा, तो कन्नडच्या कप्प्यात असेल तर ८९६ वजा करायचे, 'सीएचआर'नं परत अक्षर करायचं. कप्प्याबाहेरचं काही असेल तर हात लावायचा नाही. पहिल्यांदा चालवला तेव्हा 'बॆळगावि जिल्लॆ, खानापुर ताल्लूकु' असं आलं. एकारावरची ती वाकडी मात्रा म्हणजे कन्नडमधला ऱ्हस्व ए. तो आपण लिहित नाही, म्हणून ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ, त्यांची अक्षरं आणि मात्रा मिळून चार नंबर, यांना वजाबाकीनंतर एक मिळवतो. झालं 'बेळगावि जिल्ले'.

ग्रुपवर परवा आलेली नोटीस यातून काढली तर त्यात 'विद्युत् व्यत्यय' निघालं. आजी म्हणाली, "म्हणजे लाईट जाणार होय, मग सरळ सांगायचं की."

छापील कागदाला हे थेट लागू होत नाही. तिथं फोटो काढून टेसरॅक्ट या ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्राममधून मजकूर काढतो. त्याला कन्नड येतं, फुकट आहे आणि नेट लागत नाही. पहाणीचा तक्ता मात्र आडव्या-उभ्या रेघांमुळं पार खिचडी करतो, म्हणून एकेक रकाना कापून द्यावा लागतो.

आता अडचण. काही मेसेजमध्ये दीर्घ ई, ए आणि ओ च्या जागी अनोळखी खूण उमटते. 'पंचायती'तला 'ती' फुटतो, म्हणजे आधी 'ति' आणि मग डोक्यावर काहीतरी चंद्रासारखं. काही मेसेजमध्ये तोच शब्द नीट येतो. दिसायला दोन्हीकडचं कन्नड अगदी सारखं. कुणाला कारण माहीत आहे का?

दुसरी अडचण यंत्राची. शहरातल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, जी३१ चा बोर्ड, रॅम ४ जीबी (हा बोर्ड त्यापुढं घेतच नाही). एसएसडी लावून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकलीय, चालतो छान. पण लाईट गेली की तारीख २००८ ला जाते आणि ब्राउझर प्रत्येक पान 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. आणि पावसात अनवाणी बसलो की कॅबिनेटला हात लागल्यावर मुंग्या येतात. आई म्हणते हे भूत घरात नको.

---

निपाणीचा_वाघ

नाद खुळा भावा! पण एक इचारू का, आता मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला की सरळ मराठी भाषांतर दिसतंय की. मग एवढा कुटाणा कशाला?

---

पावसाळी_पीसी

दादा, ते वापरून बघितलंय. नोटिशीला ठीक आहे. पण पहाणीत भाषांतर करण्यासारखं असतं काय? नावं, सर्वे नंबर, एकर-गुंठे. आजोबांना बघायचं असतं की आपलं आणि चुलत्याचं नाव कसं लागलंय, 'तंदे' (वडील) च्या पुढं पणजोबांचं नाव बरोबर आहे का. तिथं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं पाहिजे. भाषांतरवालं ॲप नावालाही अर्थ लावायला जातं.

आणि पावसाळ्यात आमच्याकडं टॉवरचा भरवसा नसतो. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

---

खिळेजुळारी

पोरा, छान. मी शहापूरच्या एका छापखान्यात आयुष्य काढलं. आधी खिळे जुळवले, मग डीटीपी. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, सगळं दोन्ही भाषांत. त्यामुळं तुझा ८९६ वाचून बरं वाटलं. तो तसा का आहे ते सांगतो.

कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं काम १९८० च्या दशकात आधी आयआयटी कानपूरला आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. त्यांचं 'जिस्ट' नावाचं कार्ड पीसीच्या आत बसवायचे. त्यातला विचार असा की कन्नड, मराठी, तेलुगु, बंगाली या सगळ्यांची वर्णमाला मुळात एकच आहे: क ख ग घ, च छ ज झ. मग प्रत्येक लिपीला वेगळे नंबर कशाला? क ला एकच नंबर द्यायचा, दाखवताना हवी ती लिपी दाखवायची. तेच 'इस्की' नावाचं मानक, त्याची पक्की आवृत्ती १९९१ ची. युनिकोडवाल्यांनी प्रत्येक लिपीला स्वतंत्र कप्पा दिला, पण आतली मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून उचलली. म्हणून तुझी वजाबाकी जमते.

इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्याच विचारातून आला. रोमन 'के' च्या कीवर क, 'एच' वर प, 'डी' वर हलन्त. कन्नड लावलं तरी बोटं त्याच जागी. मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकलो आणि कन्नड टायपिंग मला जवळजवळ फुकटात मिळालं. आमच्याकडचा कन्नड ऑपरेटर मात्र 'नुडी' या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसायचा, के. पी. राव यांच्या मांडणीनं. त्यात अक्षर जोडायला 'एफ'. तो माझ्या जागी बसला की हलन्ताऐवजी वेलांटी पडायची, आणि शिव्या मला.

एक सावधगिरी. जुन्या नुडी किंवा श्रीलिपीत केलेल्या फायली युनिकोड नसतात. पडद्यावर सुरेख कन्नड दिसतं, पण कॉपी केलं की रोमन अक्षरांना टोप्या घातल्यासारखं काहीतरी निघतं. तिथं ८९६ चालणार नाही. त्या फॉन्टचा वेगळा तक्ता करावा लागेल, नाहीतर छापून परत ओसीआर. छापून परत वाचणं वेडेपणा वाटेल, पण कित्येकदा तेच लवकर होतं.

---

अनगोळकरीण

तुझ्या फुटणाऱ्या 'ती'चं उत्तर माझ्याकडं आहे. मी बेंगळूरला हेच काम करते.

कन्नडमध्ये दीर्घ ई ची मात्रा दोन प्रकारे साठवता येते. एक म्हणजे थेट दीर्घ मात्रेचा एकच नंबर. दुसरा प्रकार म्हणजे ऱ्हस्व मात्रा आणि तिच्यापुढं 'लांबवायची खूण', तिचा नंबर ३२८५. दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे. दीर्घ ए, दीर्घ ओ यांचंही तसंच. ओ तर तीन तुकड्यांतही येऊ शकतो. ३२८५ मधून तू ८९६ वजा केलेस की २३८९ येतो. देवनागरीत त्या नंबरवर भलतीच खूण आहे, मराठीत कुणी वापरत नाही. तोच तुझा चंद्र.

उपाय एका ओळीचा. वजाबाकीच्या आधी मजकूर 'एनएफसी' करून घे. पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमध्ये 'नॉर्मलाइझ' आहे. तुकडे जोडून एक नंबर होतो, मग वजा कर. क्रम उलटा केलास तर उपयोग नाही, कारण देवनागरीत आल्यावर ते तुकडे जुळत नाहीत.

---

पावसाळी_पीसी

ताई, झालं! सगळे 'ती' जागेवर आले. मी फॉन्टला दोष देऊन तीन-चार फॉन्ट बदलून बघितले होते.

खिळेजुळारी काका, इनस्क्रिप्टचं आजच सुरू करतो. आजवर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचो.

---

सीमॉस_सेल

मंडळी लिपीत रमलीत, पण त्या कॅबिनेटच्या मुंग्यांकडं कुणी बघणार की नाही? मी दुरुस्तीचं काम करतो, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे पीसी बघतो. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

आधी सोपं. तारीख जाते ती बोर्डवरच्या सेलमुळं. गोल नाण्यासारखा सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. संपला की बोर्ड आपल्या जन्मसालाला जातो. वेबसाईटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, त्यामुळं २००८ सालात उभ्या असलेल्या ब्राउझरला आजची सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. नेट जोडलं की लिनक्स तारीख सुधारून घेतं, पण तुझ्याकडं नेट उशिरा येत असणार. सेल बदल. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाल.

आता मुंग्या. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर. त्यांतून थोडासा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो, असा हिशेब. अर्थिंगच नसेल तर जायला वाट नाही. मग २३० व्होल्टच्या साधारण निम्मे, ११५ च्या आसपास, पत्र्यावर तरंगत राहतात. टेस्टर लावलास तर मिणमिणेल. करंट अगदी कमी असतो म्हणून मुंग्यांवर भागतं. पण त्याचा अर्थ तुझ्या घरात अर्थिंग नाही, आणि उद्या एसएमपीएसमध्ये खरंच फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडणार नाही, ती तुझ्या अंगातून जाईल. ओल्या जमिनीवर अनवाणी.

घरात तीन पिनांचे सॉकेट आहेत, पण वरच्या जाड भोकात वायर जोडलीय का? जुन्या घरांत बऱ्याचदा ते नुसतं शोभेला असतं. गावातल्या वायरमनला बोलव, परसात पाईप गाडून मीठ-कोळशाचं अर्थिंग करून घे, आणि मेन स्विचपाशी ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसव. तोवर पायात चप्पल घाल आणि आईचं ऐक.

---

निपाणीचा_वाघ

आमच्या घरात पण वरचं भोक शोभेचंच हाय. आत्ताच उघडून बघितलं. धन्यवाद सेलसाहेब.

---

सीमॉस_सेल

उघडून बघण्याआधी मेन बंद केला होतास ना?

---

निपाणीचा_वाघ

...होय की.

---

कडोलीचा_मास्तर

लेकरा, पहाणी वाचतोयस तर आकड्यांकडं लक्ष दे. अक्षरं बदललीस, आकडेही देवनागरी केलेस, पण क्षेत्राचा आकडा फसवा असतो.

महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये येतं, ते दशांशाच्या हिशेबानं. आपल्याकडच्या पहाणीत एकर, गुंठे, आणे. 'विस्तीर्ण' च्या रकान्यात १.३० दिसलं तर ते सव्वा एकरापेक्षा थोडं जास्त नव्हे. ते एक एकर तीस गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. कॉम्प्युटरनं १.३० आणि १.३० ची बेरीज २.६० सांगितली, तर खरं उत्तर तीन एकर वीस गुंठे आहे. वाटणीच्या वेळी भावाभावांत यावरून भांडणं लागलेली मी बघितलीत, आणि त्यात एकाच्या हातात मोबाईलचा कॅल्क्युलेटर होता.

'खराब' असा शब्द दिसला तर तेवढं क्षेत्र लागवडीचं नाही असं समज. आणि 'हक्कुगळु मत्तु ऋणगळु' असा रकाना असतो, तो तर आजोबांना पहिल्यांदा वाचून दाखव. सोसायटीचं, बँकेचं कर्ज तिथं दिसतं. फेडून झालं तरी बोजा काढून घेतला नसेल तर तो तसाच राहतो.

---

पावसाळी_पीसी

मास्तर, हे फार कामाचं. मी रकाना थेट स्प्रेडशीटमध्ये टाकणार होतो. आता टिंबाच्या दोन्ही बाजू वेगळ्या काढून आधी सगळ्याचे गुंठे करतो, बेरीज करतो, आणि शेवटी चाळीसनं भागतो.

'ऋणगळु' च्या खाली एक जुनी नोंद निघाली बरं का. आजोबा आज सकाळी सोसायटीत गेलेत. सोबत चुलते.

---

पुण्यातला_शहापूरकर

छान चाललंय. 'अक्षरमुख' नावाचा लिपी बदलणारा प्रोग्राम आधीपासून आहे, शंभराहून अधिक लिप्या, पायथनमध्येही वापरता येतो. चाक पुन्हा कशाला शोधायचं, असं म्हणत नाही, पण ताडून बघायला उपयोगी पडेल.

मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडं जुन्या पेटीत मोडीतले कागद आहेत, जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाचे, म्हणजे १९५६ च्या आधीचे. मोडीला असं काही वजा करता येईल का?

---

खिळेजुळारी

मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. पण ती इस्कीच्या साच्यातली नाही, मोडीला लागतात तेवढीच अक्षरं ओळीनं बसवलीत. देवनागरीत अ पासून क सोळा घरं लांब, मोडीत चौदा. त्यामुळं एकच आकडा वजा करून भागणार नाही, जोड्या लिहाव्या लागतील. त्या लिहिणं सोपं आहे.

अवघड आहे ते आधीचं. तुमचे कागद हातानं लिहिलेले, बोरूनं, लेखणी न उचलता. फोटोवरून ते वाचायला मोडी जाणणारा माणूसच बरा. पेटी उघडून ठेवू नका, बुरशी लागते.

---

टिळकवाडी_टाइम्स

हे सगळं करण्यापेक्षा सगळे कागद दोन्ही भाषांत का देत नाहीत, हा मूळ प्रश्न आहे. कायद्यानं भाषिक अल्पसंख्याकांना...

---

व्यवस्थापक

त्या विषयाला वेगळा विभाग आहे, तिथं धागा काढावा. वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग तिकडं हलवला आहे. इथं प्रोग्रामपुरतंच.

---

चिकोडी_हुडुगा

नमस्कार. मी चिकोडीचा, कन्नड मीडियमचा, आई मराठी. मराठी बोलतो, देवनागरी हिंदीमुळं वाचता येते पण हळू. हे फोनवर बोलून लिहितोय, चूकभूल समजून घ्या.

दोन गोष्टी. एक, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ एकच केलास ते आजोबांना चालेल, पण आमच्या कानाला खटकतं. 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर 'दे', दीर्घ म्हटलं तर शिंग. तुझ्या देवनागरीत दोन्ही सारखेच. ती वाकडी मात्रा ठेवायची सोय राहू दे, ज्याला पाहिजे तो वापरेल.

दुसरं म्हणजे मला उलटं पाहिजे. इचलकरंजीची मावशी व्हॉट्सॲपवर मराठीत लांबलचक लिहिते: रेसिपी, गावच्या बातम्या, कुणाचं लग्न ठरलं. धाकट्या बहिणीला मराठी सगळं कळतं, पण देवनागरी वाचायचा तिला कंटाळा. मी तुझा प्रोग्राम घेऊन ८९६ मिळवून बघितलं. बरंचसं आलं. पण 'डॉक्टर' आणि 'कॅमेरा' यांत मध्येच डबे येतात. आणि 'दुसऱ्या' मध्ये एक असं अक्षर आलं की ते मी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्या कन्नड सरांना दाखवलं, तर ते म्हणाले हे हळेगन्नड आहे, शिलालेखात असतं, तुझी मावशी कोण?

---

अनगोळकरीण

हा हा. तुझ्या मावशीचा दोष नाही.

मराठीत 'दुसऱ्या', 'बऱ्याच' मधला र असा आडवा दाखवायला ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, नंबर २३५३. त्यात ८९६ मिळवले की ३२४९, आणि तिथं कन्नडचा जुना, आता वापरातून गेलेला कडक ऱ बसलाय. मांडणी सगळ्यांची एक ठेवली त्याचा हा परिणाम. म्हणजे नंबराच्या हिशेबानं सगळं बरोबर आहे, फक्त काळ चुकला. त्या दिशेनं जाताना ऱ आधी साधा र कर.

डबे यायचं कारण म्हणजे 'ॉ' आणि 'ॅ' या मात्रांच्या समोरची घरं कन्नडच्या कप्प्यात रिकामी आहेत. कन्नड लोक डॉक्टरला 'डाक्टर्' आणि कॅमेऱ्याला 'क्यामेरा' लिहितात. तेव्हा 'ॉ' चा काना कर आणि 'ॅ' चं 'हलन्त, य, काना' कर. सुरुवातीचे 'ॲ' आणि 'ऑ' यांनाही तसंच बघावं लागेल.

---

पावसाळी_पीसी

दोन्ही दिशा एका फाईलमध्ये घातल्या. हुडुगा, ऱ्हस्व ए-ओ साठी वेगळा पर्याय दिलाय, सुरुवातीला एक शब्द बदलला की वाकडी मात्रा तशीच राहते. ताईंनी सांगितलेले ऱ, ॉ, ॅ पण बसवले. मावशीची एखादी मोठी रेसिपी टाकून बघ, तिथं सगळे शब्द भेटतील.

सेलकाका, सेल बदलला, तारीख टिकली. वायरमन रविवारी येणार म्हणालाय.

---

चिकोडी_हुडुगा

टाकली. तांबड्या रश्श्याची. डबे गेले, शिलालेख गेला. बहिणीनं सगळी वाचली, फक्त 'चार' आणि 'चूल' मधला च एकाच प्रकारे वाचला. चूल म्हणताना तिची मावशी 'त्सूल' सारखं म्हणते ना, मग इथं वेगळं अक्षर का नाही, असं विचारते. कन्नडमध्ये च एकच आवाजाचा. यावर काही करता येईल का?

---

खिळेजुळारी

मराठीतही दोन्हींना एकच च आहे बाळा. कुठला कधी म्हणायचा ते कागदावर कधीच लिहिलेलं नसतं. प्रोग्रामनं कुठून ओळखायचं?

---

पावसाळी_पीसी

तेवढं मावशीला फोन करून विचारायला सांग.